खरेदीचा मुहूर्त आणि फळाचा महिना

घरात कोणतीही मोठी खरेदी व्हावयाची म्हटली की आपल्याकडे प्रथम पंचांग उघडले जाते. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा साधला म्हणजे मनाला स्वस्थता येते. आम्ही स्वतः या रूढीची थट्टा करीत नाही. शुभ दिवशी आरंभ करण्यात माणसाला जो धीर येतो त्याचेही मोल आहे. परंतु पैसे मोजण्याच्या दिवसाची आपण जेवढी चिंता वाहतो, तेवढी ते पैसे कोणत्या महिन्यापासून घरात परत येऊ लागतील याची वाहत नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी झालेल्या एका बैठकीमुळे हा विषय आमच्या मनात घोळत राहिला. म्हणून या वेळी वाचकांपुढे तोच ठेवीत आहोत.

आमचा एक माजी विद्यार्थी येथे बेळगावात, शहापूर भागात, लहानसा छापखाना चालवितो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, देवस्थानांचे अहवाल, निवडणुकीच्या दिवसांत पत्रके, असे त्याचे काम. पलीकडच्या गल्लीत दुसरा एक जुना छापखाना आहे. त्याचे मालक पंचाहत्तरीला आले, मुले पुण्यास स्थायिक झाली, तेव्हा ते तो चालता व्यवसाय विकू इच्छितात. किंमत २४ लाख. आमच्या विद्यार्थ्याजवळ वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आणि आईने आपण होऊन पुढे केलेल्या पाटल्या मिळून ८ लाख उभे राहतात; उरलेले १६ लाख बँकेकडून, शेकडा १२ दराने, पाच वर्षांच्या मुदतीने. पाडव्याला ताबा घ्यावयाचा असा बेत.

पती-पत्नी दोघे आमच्याकडे आली ती आशीर्वाद घेण्यासाठी, सल्ला घेण्यासाठी नव्हे. त्याने वही उघडून दाखविली. हप्ता महिन्याला सुमारे ३५,६०० रुपये. नव्या व्यवसायापासून मिळकत महिन्याला ५०,०००. म्हणजे हप्ता जाऊन १४,४०० शिल्लक, वर्षाला १,७२,८००. अक्षर सुरेख, बेरीज बिनचूक. आम्ही शाबासकी देणार, एवढ्यात सूनबाई हळूच म्हणाली, "सर, पन्नास हजार येतील हे मलाही पटतं. पण पोराची फी जूनमध्ये भरायची असते. ते पन्नास हजार जूनच्या आत येतील का?"

तो हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात कोणीही विचारला नव्हता.

आमच्या थोरल्या बंधूंनी त्या काळी एक चालती पिठाची गिरणी कर्ज काढून विकत घेतली होती. दळणाची मिळकत जेमतेम. खरा नफा मिरची कांडपाच्या यंत्राचा. सौदा झाला ज्येष्ठात. कांडपाचा हंगाम उन्हाळ्याचा. तो नुकताच सरला होता. हप्ते आषाढापासून सुरू झाले आणि ज्या यंत्राच्या भरवशावर ते भरावयाचे, ते यंत्र फाल्गुनापर्यंत झाकून ठेवलेले. मधल्या आठ महिन्यांत वहिनींचे दागिने गेले, मग हातउसने झाले, मग व्याजावर व्याज. पुढचा हंगाम चांगला गेला, पण तोवर देणे इतके साचले होते की चौदाव्या महिन्यात गिरणी विकावी लागली. ती गिरणी आजही चालते आहे आणि ज्यांनी ती घेतली त्यांचे उत्तम चालले आहे. बंधूंचा हिशेब चुकला नव्हता, त्यांचा महिना चुकला होता. धंदा तोट्यात नसतानाही माणूस त्यातून कसा उठतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून आम्ही त्या दोघांना बसवून घेतले, वहीचे कोरे पान काढले आणि त्यावर एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखले.

प्रथम आम्ही किंमत फोडली. विद्यार्थ्याने यंत्रे एका जाणकाराकडून पाहून घेतली होती. यंत्रे, कागदाचा साठा, वसूल व्हावयाचे येणे आणि आज जसा आहे तसा चालणारा व्यवसाय, या सर्वांचे मोल त्याच्या मते १८ लाख. त्या व्यवसायाची आजची निव्वळ मिळकत महिन्याला २०,०००. मग उरलेले ६ लाख कशाचे? ते या आशेचे की दोन छापखाने एकत्र आले म्हणजे दोहोंच्या बेरजेहून अधिक काही निपजेल. ही आशा खोटी नसते. पण ती आपणच मोजून विकत घेतो, म्हणून तिचा वेगळा जमाखर्च मांडला पाहिजे. जुने मालक जे आजवर मिळवीत आले ते या जोडणीच्या खात्यावर जमा धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

त्या आशेचे चार भाग निघाले. दोन जागांऐवजी एकच जागा, म्हणून वाचणारे भाडे ९,०००. कागद एकत्र घेतल्यामुळे ५,०००. मोठ्या आकाराचे जे काम तो आज दुसरीकडून छापून घेतो, ते आता घरच्या मोठ्या यंत्रावर, त्याचे ८,०००. आणि जुन्या मालकांच्या गिऱ्हाइकांकडून येणारे नवे काम ८,०००. एकूण ३०,०००. मूळच्या २०,००० मध्ये ते मिळवून त्याचे ५०,००० झाले होते. आकडे आम्ही एकही बदलला नाही. फक्त प्रत्येक आकड्याला विचारले, "बाबा रे, तू कोणत्या महिन्यात येणार?"

भाडे प्रथम आले. जागा सोडावयाची तर यंत्रे हलविली पाहिजेत. त्यासाठी इकडे पाया घालावयाचा, विजेचा वाढीव भार मंजूर करून घ्यावयाचा, तिकडच्या घरमालकाला मुदतीची सूचना द्यावयाची. आणि बेळगावचा पाऊस! जूनपासून सप्टेंबरपर्यंत यंत्र आणि कागद घेऊन रस्त्यावर येण्याचे धाडस कोण करील? यंत्रे हलणार दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे भाडे वाचणार नोव्हेंबरपासून, ताब्यानंतर आठव्या महिन्यात. कागदाचे तसेच: दोन्हीकडचा साठा संपल्यावाचून आणि व्यापाऱ्याशी नवा भाव ठरल्यावाचून पाच हजार वाचत नाहीत, ते जुलैपासून. मोठ्या यंत्राची दुरुस्ती होऊन कामगाराचा हात बसावयास ऑगस्ट उजाडेल. आणि नवे काम? जुनी गिऱ्हाइके छापखान्याच्या पाटीकडे पाहून येत नसत, गल्ल्यावर बसलेल्या वृद्धाकडे पाहून येत. नव्या माणसाचा विश्वास बसावयास एक दिवाळी आणि एक लग्नसराई जावी लागते. ते आठ हजार दुसऱ्या वर्षात लिहिले. शिवाय मालक बदलले की काही गिऱ्हाइके चार दिवस दूर उभी राहून पाहतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत मूळची मिळकतही २०,००० ऐवजी १५,००० धरली. यंत्रे हलविणे, पाया, वीजजोडणी आणि त्या दिवसांतील बंद काम यांचा एकवेळचा खर्च १,२०,००० ऑक्टोबरच्या रकान्यात गेला. मूळ वहीत तो कोठेच नव्हता.

आता बेरीज. पहिल्या वर्षाची मिळकत ३,७९,०००. त्यातून एकवेळचा खर्च जाऊन २,५९,०००. हप्ते ४,२७,२००. तूट १,६८,२००. ज्या वहीत वर्षअखेर पावणेदोन लाखांच्या आसपास शिल्लक दिसत होती, तिच्यातच जवळजवळ तेवढी तूट दिसू लागली. आणि आकडे तर सगळे त्याचेच!

याहून महत्त्वाची गोष्ट महिन्यांच्या रकान्यांत दिसली. ही तूट मार्चअखेरची. मधे ऑक्टोबरच्या शेवटी ती दोन लाखांवर पोहोचते. म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर या घरात दोन लाख रुपये कोठून तरी आणावे लागणार. दुसऱ्या वर्षी सर्व काही ठरल्याप्रमाणे आले तर १,७२,८०० उरतात, म्हणजे पहिल्या वर्षाचा खड्डा बुजतो आणि चार हजार सहाशे रुपये हाती राहतात. दोन वर्षे राबून मनुष्य जेथे होता तेथेच. खरी शिल्लक तिसऱ्या वर्षापासून. जोडणीसाठी जे ६ लाख अधिक मोजावयाचे, ते त्याच्या जुन्या समजुतीप्रमाणे वीस महिन्यांत वसूल होणार होते; नव्या पानाप्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या आठव्या महिन्यात, तेही व्याज न धरता. आणि वडिलांचे व आईचे ८ लाख बँकेत राहिले असते तर त्यांवर जे व्याज मिळाले असते, ते तर आम्ही मोजलेच नाही.

विद्यार्थी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे घेऊच नये का?"

आम्ही म्हटले, असे हे पान सांगत नाही. तिसऱ्या वर्षापासून फळ देणारे झाड वाईट नसते. पण ते लावणाऱ्याच्या घरात मधल्या दोन वर्षांचे धान्य असले पाहिजे. पी हळद आणि हो गोरी, असे धंद्यात होत नाही.

हा हिशेब केवळ लहान घरांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. जगातील मोठमोठ्या कंपन्यांच्या खरेदीतही अडते ते येथेच. आकड्यांपुढे शून्ये अधिक असतात एवढेच. टाटा स्टीलने कोरस ही इंग्रज-डच पोलाद कंपनी घेतली, ते उदाहरण अनेकांना आठवत असेल. २००६ च्या ऑक्टोबरात टाटांनी शेअरामागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची एक कंपनी स्पर्धेत उतरली, चढाओढ लागली, आणि जानेवारी २००७ च्या अखेरच्या लिलावात सौदा ६०८ पेन्सांवर तुटला. एकूण किंमत सुमारे ६२० कोटी पौंड. तीन महिन्यांत भाव एक तृतीयांशाने चढला. जे पुढे कधीतरी मिळावयाचे होते, त्यातील मोठा भाग खरेदीच्या दिवशीच विकणाऱ्याच्या पदरात पडला. इकडे भारतात स्वस्तात तयार होणारे पोलाद तिकडे न्यावयाचे आणि तेथे त्याचा उंची माल करावयाचा, असा दूरचा विचार त्या वेळी बोलला जात होता. परंतु त्यासाठी इकडे नवे कारखाने उभे राहावयास हवेत. ओडिशातील कलिंगनगरचा करार २००४ मधला. तेथील कारखाना सुरू झाला २०१५ च्या अखेरीस. खरेदीनंतर दीडच वर्षात, सप्टेंबर २००८ मध्ये, जागतिक मंदी कोसळली आणि युरोपातील पोलादाची मागणी ढासळली. कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही. २०१३ मध्ये कंपनीला, मुख्यतः युरोपातील व्यवसायापोटी, ताळेबंदातील सुमारे १६० कोटी डॉलरांचे मोल कमी करावे लागले. २०१६ मध्ये ब्रिटनमधील एक मोठा विभाग नाममात्र एका पौंडास दुसऱ्याच्या हवाली केला गेला. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंडावली. नेदरलँड्समधील कारखाना आजही टाटांकडे आहे; तेव्हा सारेच बुडाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण फळ यावयास इतका काळ लागला की मधल्या वर्षांनी ते खाऊन टाकले.

त्याच घराण्यातील दुसरी खरेदी पाहा. टाटा मोटर्सने फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे मोटारींचे व्यवसाय जून २००८ मध्ये २३० कोटी डॉलरांना घेतले. मंदी तीच, वर्षही तेच. हातचे कर्ज अल्प मुदतीचे, आणि २००८-०९ या वर्षी कंपनीला एकत्रित २,५०५ कोटी रुपयांचा तोटा झाला. पुष्कळांनी त्या वेळी या व्यवहाराला वेडेपणा ठरविले. पण येथे एक फरक होता. फोर्डने या दोन नावांसाठी पूर्वी मोजले होते त्याच्या निम्म्याहूनही कमी किंमत टाटांनी दिली होती. आणि नव्या गाड्यांची आखणी खरेदीपूर्वीच सुरू झालेली होती. ज्या लहान गाडीचा नमुना जानेवारी २००८ मध्ये प्रदर्शनात ठेवला गेला होता, ती रेंज रोव्हर इव्होक या नावाने २०११ मध्ये बाजारात आली आणि खूप खपली. मधल्या काळात कर्जाची मुदत लांबवून, नवे भांडवल उभारून कंपनीने दिवस काढले. २००९-१० मध्ये ती पुन्हा नफ्यात आली. पुढे या व्यवसायाने वाईट वर्षेही पाहिली. तरी आम्ही त्यातून एवढेच घेतो, की किंमत बेताची असली आणि फळाचा महिना ठाऊक असला तर मधला दुष्काळ काढता येतो.

दोन्ही ठिकाणी मंदीची वर्दी कोणी आधी दिली नव्हती. म्हणूनच पानावर लिहिलेला महिना हा ब्रह्मलिखित समजू नये. तो चुकेल असे धरूनच चालावे, आणि सर्व लाभ सहा महिने उशिरा आले तर घर चालेल का, हेही त्याच पानाच्या मागे लिहून ठेवावे.

चालता धंदा, दुकान, गिरणी किंवा भागीदाराचा हिस्सा घेऊ पाहणाऱ्या वाचकांना या पानावरून दोनचार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खर्च वाचविणारे लाभ लवकर येतात, कारण ते आपल्या हातात असतात. नवी गिऱ्हाइके उशिरा येतात, कारण ती लोकांच्या मनावर असतात. दोन्ही एकाच तारखेला लिहू नयेत. प्रत्येक लाभापुढे महिना आणि तो आणणाऱ्या माणसाचे नाव, दोन्ही लिहावीत. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही तो लाभ खोडून टाकावा. जोडणीचा एकवेळचा खर्च विसरू नये. तो नेहमी लाभाच्या आधी येतो. कर्जाचा पहिला हप्ता काही महिने पुढे ढकलून मिळेल का, हे सही करण्यापूर्वी बँकेला विचारावे. नंतर विचारणाऱ्याला ती थकबाकीदार म्हणते. आणि दर तीन महिन्यांनी हे पान काढून आलेले व लिहिलेले ताडून पाहावे. शाळेत तिमाही परीक्षा आम्ही मुलांना छळण्यासाठी घेत नाही. वर्षअखेरीस कळले तर उपाय उरत नाही, म्हणून घेतो.

त्या दोघांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्या रात्री आम्ही आणखी एक बेरीज केली. १८ लाख आज द्यावयाचे आणि आशेचे ६ लाख, आशा फळास आल्यावर, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तीन आणि तिसऱ्याच्या शेवटी तीन. जुनी गिऱ्हाइके टिकली नाहीत तर त्यातून काही कमी करावयाचे. उलट मालकांनी वर्षभर संध्याकाळी गल्ल्यावर येऊन बसावयाचे. मग कर्ज १० लाखांवर येते, हप्ता सव्वाबावीस हजारांवर, आणि पहिल्या वर्षाची तूट १,६८,२०० ऐवजी सुमारे आठ हजार. ऑक्टोबरचा खड्डाही दोन लाखांवरून एक लाख सात हजारांवर येतो.

विद्यार्थी हा प्रस्ताव घेऊन त्या वृद्ध गृहस्थांकडे गेला. ते रागावले नाहीत. गल्ल्यावर बसावयास तर आनंदाने तयार झाले, म्हणाले, "घरी बसून मी करणार काय?" पण तीन वर्षांच्या मुदतीवर ते थबकले. "तुला तीन वर्षं थोडी वाटतात रे. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. माझे तीन लाख मला दिसले पाहिजेत ना?"

विद्यार्थ्याने हे येऊन सांगितले तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. आम्ही बारा रकाने आखले, पण ते सगळे घेणाऱ्याचे. विकणाऱ्याच्याही घरात दिनदर्शिका लटकलेली असते, हे आम्हांस सुचले नव्हते. त्यांनी पहिला तीन लाखांचा भाग वर्षअखेरीस मागितला आहे. तसे केले तर पहिल्या मार्चमध्ये तूट तीन लाखांवर जाते. सूनबाईने दीड लाख पहिल्या वर्षी, दीड लाख दुसऱ्या आणि तीन लाख तिसऱ्या वर्षी असे काही जमेल का, याचे नवे पान मांडले आहे. पाडवा तोंडावर आला आहे आणि सौदा अद्याप झालेला नाही.

मुहूर्त टळेल म्हणून आई थोडी खट्टू आहे. आम्ही तिला निरोप पाठविला आहे की पाडवा हुकला तर अक्षय्य तृतीया आहे, तीही हुकली तर दसरा आहे. पाटल्या एकदा मोडल्या की त्या परत घडवावयास मात्र फार वर्षे लागतात.